एअर पिस्तूलची लाकडी ग्रिप घरी घडवायची आहे: लाकूड, ठोकळा आणि माप यांबद्दल मदत हवी

जुळेसोलापूर_10मी

नमस्कार मंडळी. 10 मीटर एअर पिस्तूलसाठी लाकडी ग्रिप, म्हणजे मूठ, स्वतः करायची आहे. पिस्तूल माझंच आहे, क्लबचं नाही. ग्रिप फ्रेमच्या सांगाड्यावर चढते आणि खालून एका बोल्टने आवळली जाते. सोबत आलेली ग्रिप अक्रोडाची, मध्यम मापाची आहे. माझा हात उजवा. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत 168 मिमी, तळव्याची रुंदी 76 मिमी.

अडचण अशी की तर्जनीचं फक्त टोक ट्रिगरवर पोचतं. डोळे मिटून हात उचलला, स्थिर केला आणि डोळे उघडले की फ्रंट साइट (नेमाची पुढची माशी) रिअर साइटच्या खाचेत उजवीकडे आणि थोडी खाली दिसते. दर वेळी मनगट वळवून ती मध्यभागी आणावी लागते.

लाकूड कोणतं घ्यावं? इथल्या वखारींत साग आणि बाभूळ सहज मिळतं, शिसव शोधावं लागेल. ठोकळा केवढा घ्यायचा, सुरुवात कुठून करायची? माझ्याकडे पटाश्या, रास्प, गोल आणि अर्धगोल कानशी, हँड ड्रिल आणि बाक-शेगडा आहे. बँडसॉ नाही.

पटाशी_रंधा

ताई, लाकडाचं नंतर बघू. आधी एक साधी गोष्ट तपासा: ट्रिगरची जीभ तिच्या रुळावर पूर्ण मागे घेतली आहे का? बहुतेक टार्गेट पिस्तुलांत ती पुढे-मागे सरकते आणि नवीन पिस्तुलात मधोमध ठेवलेली असते. काही मिलिमीटर तिथेच मिळतात. ते न बघता लाकूड कापायला बसू नका.

आता तुमच्या लक्षणांबद्दल. ग्रिप मोठी असली की ट्रिगर गाठण्यासाठी हात नकळत ग्रिपभोवती उजव्या अंगाला सरकतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं बेचकं ग्रिपच्या पाठीच्या मध्यावर न बसता उजवीकडे बसतं. हात तिकडे सरकला की हाताच्या हिशेबात पिस्तूल उजवीकडे वळतं. म्हणून तुमची फ्रंट साइट उजवीकडे जाते. थोडक्यात, पोच, म्हणजे ग्रिपच्या पाठीपासून ट्रिगरपर्यंतचं अंतर, कमी केली की उजवीकडच्या तक्रारीतला बराच भाग आपोआप जाईल. उलट आहे त्या ग्रिपवर पुट्टी भरून साइट मधोमध आणलीत, तर ग्रिप आणखी जाड होईल आणि बोट आणखी अखूड पडेल.

साइट खाली जाते त्याचं कारण वेगळं. पाठीच्या वरच्या भागात, म्हणजे बेचक्याखाली, लाकूड जास्त आहे किंवा पाठीच्या खालच्या भागात कमी आहे. तुम्हाला पोचही कमी करायची आहे, म्हणून वरचं लाकूड काढणं हाच मार्ग बरा. एका कामात दोन्ही साधतं. पण फ्रेमच्या मागे किती जाडी उरते ते आधी मोजा. 4 मिमीच्या खाली गेलात तर बोल्ट आवळताना तिथेच चीर जाते.

दिशांचा हिशेब उजव्या हातासाठी असा. साइट उजवीकडे जात असेल तर तळव्याच्या बाजूला पुढे, बोटांच्या मुळांपाशी भर घालायची किंवा तळव्याच्या टाचेपाशी, म्हणजे मागे, काढायचं. डावीकडे जात असेल तर बरोबर उलट. खाली जात असेल तर पाठीला खालून भर किंवा वरून काट. वर जात असेल तर उलट. यातलं काहीही कायमचं करण्याआधी कापडी चिकटपट्टीचे थर लावून बघा. दोन-तीन थर म्हणजे अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरची भर, आणि एवढ्यानेही साइट जागा बदलते. भर घालून काय होतं ते पट्टीने लगेच कळतं. काटायची जागा मात्र पट्टीने कळत नाही, म्हणून मॉडेल लागतं.

मॉडेल साध्या लाकडात करा. पॅकिंगच्या खोक्याचा पाइन किंवा आंबा चालेल. त्याला मुद्दाम लहान ठेवायचं, म्हणजे सगळीकडून 3-4 मिमी कमी, आणि मग एम-सीलसारख्या दोन भागांच्या इपॉक्सी पुट्टीने हाताचा आकार उठवायचा. पुट्टी सुपारीएवढीच मळा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती फार लवकर आवळते. मळताना नायट्राइलचे हातमोजे घाला, कारण इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सुटत नाही. ठसा घेताना लाकडावर पुट्टी, पुट्टीवर पातळ प्लास्टिकची फिल्म आणि फिल्मवर थोडं व्हॅसलीन लावा. मग नेमबाजीच्या उभ्या पवित्र्यात, हात खांद्याच्या उंचीवर ताणून धरा. खुर्चीत बसून, हात मांडीवर ठेवून घेतलेला ठसा निरुपयोगी असतो, कारण हात उचलल्यावर तळव्याचे स्नायू वेगळे फुगतात. दाबू नका, नेहमीच्या जोराने धरा.

ठसा जसा उमटला तसाच ठेवायचा नाही. बोटांच्या मधले उंचवटे कापून जवळजवळ सपाट करा. बोटांच्या खोल खाचा दिसायला छान दिसतात, पण हात रोज थोडा वेगळा बसतो आणि खोल खाच त्याला चुकीच्या जागी पक्का अडकवते. उंचवटा 1 मिमीच्या आत ठेवा.

वखारीतला_बाभूळगाभा

लाकडाचा भाग मी घेतो.

साग: घरात असेल तर मॉडेलला वापरा, ग्रिपला नको. तंतू लांब आणि सरळ, त्यामुळे फाटतो; अंगात सिलिका असल्याने पटाशी लवकर बोथट होते; शिवाय तेलकट. त्यावर इपॉक्सी लावायचं असेल तर ॲसिटोनने पुसून लगेच लावावं लागतं. पकडीसाठी पंचने ठोकून उठवतात ते टिपक्यांचं टेक्स्चर सागावर चुरा होऊन निघतं.

शिसव: घट्ट, जड, बारीक आकार नीट धरतं. वखारीत उत्तरेकडचं शिसमही शिसव म्हणून देतात. तेही चालतं, फक्त भाव एक आणि माल दुसरा असं होऊ देऊ नका. दोन्हींची धूळ नाकाला आणि कातडीला त्रास देते, एन-95 मास्क लावाच.

बाभूळ: आपल्या भागातलं खरं काम करणारं लाकूड. गाडीची चाकं, अवजारं उगाच त्याची करत नव्हते. फक्त गाभ्याचं लालसर-तपकिरी लाकूड घ्या, बाहेरचा पांढरा भाग किडा पोखरतो. तंतू आडवेतिडवे गुंतलेले असतात, त्यामुळे फाटत नाही, पण रंधा उलटा लागतो. पटाशीपेक्षा रास्पने काम करा. मोठी अडचण एकच, वखारीतली बाभूळ ओली असते.

अक्रोड: मिळालं तर प्रश्नच नाही. सगळ्यांत हलकं, कापायला गोड, टिपके स्वच्छ उठतात. जुन्या फर्निचरचा जाड पाय किंवा टेबलाची फळी सापडली तर बघा. वाड्यांच्या जुन्या चौकटींचं लाकूड मुरलेलं असतं, पण आत मोडके खिळे असतात. करवत लावण्याआधी चुंबक फिरवून घ्या.

यंत्रमागाच्या जुन्या पिकिंग स्टिक (धोटा फेकणारे दांडे) आणि धोटे बघून इथे बऱ्याच जणांना मोह होतो. लाकूड भारी असतं, मान्य. पण रुंदी पुरत नाही आणि वर्षानुवर्षं तेल प्यालेलं असल्यामुळे जोड धरत नाही. त्याची पाम शेल्फ, म्हणजे तळव्याची कड खाली टेकते तो तुकडा, फार तर होईल.

आता ओलाव्याबद्दल, कारण सोलापुरात ग्रिप बिघडतात त्या याच कारणाने. मे महिन्यात पारा 42 च्या वर आणि दुपारची हवा कोरडी, मग पावसाळ्यात हीच हवा दमट. लाकडातला ओलावा या दोन टोकांमध्ये 4 टक्के हलला, तर 50 मिमी रुंदीला सुमारे अर्धा मिलिमीटर फरक पडतो. जुलैमध्ये घट्ट बसवलेली खाच एप्रिलमध्ये डुगडुगते, आणि मेमध्ये घट्ट बसवलेली ऑगस्टमध्ये निघत नाही. ठोकळा कापून आणलात की दोन्ही टोकांना, जिथे तंतूंची तोंडं उघडी असतात, मेण किंवा ऑइल पेंट लावा. पाणी तिथून सगळ्यांत वेगाने जातं आणि चिरा तिथूनच सुरू होतात. मग सावलीत, हवेशीर जागी, खाली दोन पट्ट्या देऊन ठेवा. गच्चीवर उन्हात वाळवायची घाई केली तर बाभूळ नक्की तडकते. किचनच्या काट्यावर दर आठवड्याला वजन करून ठोकळ्यावरच पेन्सिलीने लिहा. ओळीने तीन-चार आठवडे वजन हललं नाही की लाकूड तयार. ओली बाभूळ 55 मिमी जाडीची असेल तर दोन वर्षं धरून चाला. तेवढं थांबायचं नसेल तर वाळलेल्या 18-20 मिमी फळ्या इपॉक्सीने एकावर एक चिकटवून ठोकळा करा. साधा पांढरा गोंद इथे नको. उन्हात उभ्या गाडीत पेटी राहिली की तो जोड सरकतो.

पटाशी_रंधा

वरच्याशी सहमत, फक्त पहिल्या ग्रिपला बाभूळ देऊ नका असं मी म्हणेन. पहिल्या कामात हात आकार शिकत असतो, तेव्हा लाकडाशी झुंज नको. शिसम किंवा अक्रोड घ्या.

ठोकळा 150 × 110 × 55 मिमी. तंतूंची दिशा आधी ठरवा. ते बेचक्याच्या मागच्या टोकापासून खाली टाचेकडे, म्हणजे साधारण पाठीच्या रेषेत, तिरके जायला हवेत. तंतू आडवे पडले तर बेचक्यावरची पातळ जीभ पहिल्याच धक्क्याला मोडते.

फ्रेमची खाच आणि बोल्टचं भोक सगळ्यांत आधी, ठोकळा चौकोनी असतानाच. बाहेरचा आकार काढल्यावर शेगड्यात धरायला सरळ बाजू उरत नाही आणि भोक तिरकं जातं. बोल्टचं भोक हँड ड्रिलने करू नका. कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे उभं ड्रिल मशिन असतं, तिथे जाऊन पाडून घ्या. खाचेचा बराचसा भाग फॉर्स्टनर बिटने (सपाट तळाचं भोक पाडणाऱ्या बिटने) खोदा आणि कडा पटाशीने सरळ करा.

खाच जुळवायला काजळ वापरा. दिव्याचं काजळ थेंबभर तेलात कालवून फ्रेमच्या सांगाड्यावर बोटाने अगदी पातळ लावायचं, लाकूड चढवायचं, काढायचं. काळा डाग उमटला तो उंचवटा, तेवढाच खरवडायचा. पुन्हा चढवायचं. वेळ जातो, पण दुसरा मार्ग नाही. फ्रेम वरच्या दोन खांद्यांवर आणि बोल्टच्या बैठकीवर पक्की टेकली पाहिजे, बाकी सगळीकडे 0.2-0.3 मिमी मोकळी जागा ठेवा. पाचरीसारखी चारही बाजूंनी घट्ट बसवली तर पावसाळ्यात फुगून ग्रिप फुटते.

एक सांगायचं राहिलं. या कामासाठी पिस्तूल हाताळताना आधी चेंबर रिकामं बघा, मग हवेचा सिलिंडर काढून बाजूला ठेवा. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर बॅटरीही काढा. कानस चालवताना पिस्तूल त्या टेबलावर नकोच. शिसवाची धूळ ट्रिगरच्या यंत्रणेत गेली की ट्रिगर दर वेळी वेगळा सुटतो आणि दोष ग्रिपला मिळतो. जुन्या ग्रिपच्या खाचेवरून लाकडाचा एक डमी सांगाडा करून घेतला तर निम्म्या वेळा पिस्तूल बाहेर काढावंच लागत नाही.

बाहेरच्या आकारासाठी बँडसॉ नसला तरी चालतं. बाजूची रेषा आखून, टाकाऊ भागात 10-10 मिमीवर करवतीचे उभे काप द्या आणि मधले तुकडे पटाशीने उडवा. मग रास्प, मग अर्धगोल कानस. मॉडेलचं माप कॅलिपरने सात-आठ ठिकाणी घेऊन लाकडावर त्याच जागी खुणा करा. शेवटचा 1 मिमी मॉडेलवरून नाही, हातावरून काढायचा. पोच बघायची ती अशी: तर्जनीच्या पहिल्या पेराचा मध्य ट्रिगरवर, आणि बोटाचा मागचा भाग लाकडाला कुठेही न टेकलेला. मध्ये पोस्टकार्ड सहज सरकलं पाहिजे. बोट लाकडाला घासलं तर ट्रिगर दाबताना सगळं पिस्तूल हलतं.

दारांवर नक्षी कोरणारे सीएनसी राउटरवाले मॉडेल स्कॅन करून आकार काढून देतात. ठोकळ आकारापुरतं ठीक. तीन अक्षांच्या मशिनला अंगठ्याखालची आत वळलेली जागा नीट काढता येत नाही, ती शेवटी हातानेच करावी लागते.

जुळेसोलापूर_10मी

खूप आभार दोघांचेही. ट्रिगरची जीभ खरंच मध्यभागी होती. पूर्ण मागे घेतल्यावर पेराचा निम्मा भाग बसतोय, साइट अजून थोडी उजवीकडे आहे. मॉडेल करायला घेते.

दोन शंका. शिसवाने वजन वाढून नियमात अडचण येईल का? आणि पाम शेल्फ हाताला गच्च बसेल अशी वळवून केली तर चालते का?

रेंजमास्तर_सोलापूर

ताई, वजनाची चिंता सोडा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात एअर पिस्तूलला 1500 ग्रॅमची मर्यादा आहे आणि बहुतेक टार्गेट पिस्तुलं किलोच्या आसपास असतात. ग्रिपमध्ये साधारण 250 घनसेंमी लाकूड धरलं तर अक्रोड 160 ग्रॅमच्या आसपास, शिसव 200 च्या आसपास. चाळीस ग्रॅमचा फरक आणि तोही मुठीत, नळीच्या टोकाला नाही. तोल थोडा मागे येईल एवढंच.

अडतं ते पेटीत. पिस्तूल सगळ्या जोडण्यांसह 420 × 200 × 50 मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे. घरी केलेल्या ग्रिप 50 वर अडकतात. अंगठ्याची टेकू एका बाजूला, तळव्याचा फुगवटा आणि शेल्फ दुसऱ्या बाजूला, बघता बघता 53-54 होतं. ठोकळा 55 चा असला तरी तयार ग्रिप 48 वर थांबवा. आधी 48 मिमी अंतराच्या दोन सरळ पट्ट्या ठोकून गेज करा आणि काम चालू असताना त्यातून सरकवत राहा.

शेल्फ वळवून: नाही. शेल्फचा ग्रिपशी कोन 90 अंशांपेक्षा कमी चालत नाही. शेल्फच्या टाचेचा किंवा अंगठ्याच्या टेकूचा भाग वर वळलेला चालत नाही, आणि अंगठ्याच्या विरुद्ध बाजूला शेल्फची कड खाली वळवणंही मना आहे. हाताला कवटाळणारं काहीच नको. पिस्तुलाच्या लांबीच्या दिशेने वक्र पृष्ठभाग मात्र चालतो. मनगट पूर्ण मोकळं दिसलं पाहिजे, ग्रिपचा कुठलाही भाग त्याला आधार देता कामा नये. आणि पृष्ठभागावर हात चिकटेल असा कुठलाही पदार्थ नको. खरखरीत चालतं, चिकट चालत नाही.

शेल्फ गच्च तर मुळीच नको. हात धरून आवळल्यावर खालून कागद जेमतेम सरकेल एवढी ढिली ठेवा. गच्च शेल्फने तळव्याची कड दाबली जाते आणि अर्ध्या तासात साइट थरथरायला लागते. मेच्या संध्याकाळी हात सुजलेला असतो आणि जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत सकाळी आकसलेला, म्हणून शेल्फ एका लांबट खाचेतल्या स्क्रूवर वर-खाली सरकणारीच करा. खाचेला 12-15 मिमी लांबी पुरते. स्क्रू थेट लाकडात नको, पितळी थ्रेडेड इन्सर्ट (आतून आटे असलेली नळी) बसवा. नाहीतर सारखं आवळून-सोडून लाकडातले आटे जातात.

वखारीतला_बाभूळगाभा

इन्सर्ट बसवताना आत थोडं इपॉक्सी, आणि आधी भोकाच्या तोंडाला कड मारून घ्या. शिसव तिथेच टवका सोडतं.

तेलपाणी

फिनिशवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

पॉलिश पेपर 80, मग 120, मग 180, आणि तिथेच थांबा. आरशासारखं गुळगुळीत करून हातात सटकेल असं काय कामाचं? तळवा आणि बोटं टेकतात तिथे टिपके उठवा. काँक्रीटचा खिळा घेऊन टोक सपाट घासा आणि त्रिकोणी कानशीने त्यावर फुलीसारखे दोन काप द्या, चार दातांचा पंच तयार. 100 ग्रॅमची हातोडी, हलके ठोके, पंच दर ठोक्याला थोडा फिरवत. ओळीत मारू नका, ओळी दिसतात आणि तंतूंच्या दिशेने चीर जोडली जाते. कडेपासून 3 मिमी आत थांबा. सोल्डरिंगच्या गनने टिपके मारायचे व्हिडिओ फिरतात, ते प्लास्टिकच्या ग्रिपचे आहेत. लाकूड नुसतं जळतं आणि काळा भुसा हाताला लागतो.

तेल: डबल बॉइल्ड जवस तेल, रंगाच्या दुकानात मिळतं. फडक्याने पातळ लावा, 15-20 मिनिटांनी उरलेलं पूर्ण पुसा, दुसरा हात 24 तासांनी, असे तीन हात. खाचेच्या आतही लावा, पावसाळ्यातला फुगवटा त्याने मंदावतो. जाड थर लावला तर वर साय धरते आणि आत चिकट राहतं. घरात आहे म्हणून शेंगतेल लावू नका. ते कधीच सुकत नाही, खवट वास येतो आणि धूळ धरतं. करडईचं तेल अर्धवट सुकतं, तेही नकोच. मेलामाइन, पीयू, व्हार्निश हात टेकतो तिथे टाळा, घाम आला की सटकतं. चपड्याचं पॉलिश घामाने पांढरं पडतं.

जवस तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ते तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर जपूनच. बाहेर दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

पटाशी_रंधा

एकच दुरुस्ती: टिपके शेवटी मारा, पण लगेच नाही. आधी आकार झाला की तेलाचा एक हात देऊन त्याच ग्रिपवर दोन-तीन आठवडे ड्राय फायर (छर्रा न भरता ट्रिगर दाबणं) आणि सराव करा. लाकूड जिथे चकाकायला लागेल तिथे हात जास्त दाबतोय, तिथे अर्धा मिलिमीटर काढा. जिथे तेल जसंच्या तसं मॅट राहील तिथे हात पोचतच नाही. तिथे इपॉक्सीत त्याच लाकडाचा बारीक भुसा कालवून भरा, म्हणजे रंग फार उठून दिसत नाही. तेल लागलेला भाग आधी 80 ने खरवडून ॲसिटोनने पुसा, नाहीतर भर पापुद्र्यासारखी सुटते. डोळे मिटून हात उचलायची चाचणी दहापैकी आठ-नऊ वेळा मधोमध आली की मग पंच हातात घ्या. टिपके मारल्यावर काटायला गेलात तर सगळं पुन्हा मारावं लागतं.

जुनी ग्रिप मात्र अजिबात कापू नका. पेटीत जपून ठेवा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी नवी तडकली तर तीच लावावी लागेल.

जुळेसोलापूर_10मी

शिसमचा 60 मिमी जाड तुकडा मिळाला, एका टोकाला 20 मिमी लांब बारीक चीर आहे. टोकं रंगवून वजन लिहायला सुरुवात केली आहे. चीर कापून टाकली तर उंची 135 उरते, चालेल ना?

पटाशी_रंधा

चालेल, तुमच्या हाताला 135 भरपूर आहे. चिरेच्या दिसणाऱ्या टोकापुढे आणखी 10 मिमी कापा, आत ती दिसते त्यापेक्षा लांब गेलेली असते. कापलेल्या नव्या तोंडाला त्याच दिवशी रंग लावा.